मध्ययुगीन स्पॅनिश पोथ्यांच्या प्रतिकृती

'कान्तार दे मिओ सिद' या जुन्या कॅस्टिलियन वीरकाव्याची एकच पोथी आज शिल्लक आहे. चर्मपत्राची ७४ पाने. पहिले पान गहाळ आणि मधलीही दोन नाहीत. अखेरीस पेर आबात या लेखनिकाच्या नावासह काल दिला आहे : मे महिना, सन १२४५. हा स्पॅनिश सन इसवी सनाच्या ३८ वर्षे पुढे चालत असे, म्हणजे साल १२०७. अक्षराचे वळण मात्र चौदाव्या शतकातले. आधीच्या प्रतीवरून उतरवून घेताना तिच्यावरचा कालोल्लेखही तसाच उतरला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. १७७९ मध्ये तोमास आन्तोनिओ सान्चेस यांनी हे काव्य पहिल्यांदा छापले; पण असला उलगडा छापील मजकुरावरून होत नाही, त्याला पोथीतले अक्षरच डोळ्यांपुढे लागते.

ते अक्षर पाहण्याच्या हौसेपायी पोथीचे हालही झाले. फिकटलेली शाई उजळावी म्हणून अभ्यासकांनी पानांवर रसायने लावली, आणि त्यांत या काव्याचे खुद्द संपादक रामोन मेनेन्देस पिदालही होते. अक्षर काही वेळ उमटे आणि मग ती जागा कायमची काळवंडे. १९६० मध्ये हुआन मार्च प्रतिष्ठानने पिदाल घराण्याकडून पोथी विकत घेऊन राष्ट्राला दिली आणि पुढच्याच वर्षी तिची प्रतिकृती निघाली. तेव्हापासून संपादकाला मूळ पानांना वारंवार हात लावण्याची गरज उरली नाही. अडचण एवढीच, की काळ्या डागाचे छायाचित्रही काळेच येते. अशा जागी मेनेन्देस पिदालांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लिहून ठेवलेल्या वाचनाकडेच वळावे लागते. ज्यांनी पान बिघडवले, त्यांच्याच टिपणांवाचून अडते.

कॅस्टिलचा राजा दहावा अल्फोन्सो (राज्यकाळ १२५२ ते १२८४) याच्या पोथ्यांची गोष्ट निराळी. त्या दरबारी, सचित्र आणि देखण्या. बुद्धिबळ, फासे आणि सोंगट्यांच्या पटावरचा त्याचा ग्रंथ १२८३ मध्ये सेव्हिल येथे पुरा झाला. तो एस्कोरियालच्या ग्रंथालयात आहे. ग्रंथाच्या आरंभीच हिंदुस्थानच्या एका राजाची कथा येते. बुद्धी मोठी की दैव, असे तो तीन पंडितांना विचारतो. एक बुद्धिबळ आणतो, दुसरा फासे आणि तिसरा दोन्हींचा मेळ घालणारा पट. १९१३ मध्ये लाइपझिगच्या हियरसेमान यांनी या ग्रंथाची छायामुद्रित आवृत्ती काढली. तिची प्रस्तावना क्लीव्हलँडचे वकील आणि बुद्धिबळग्रंथांचे संग्राहक जॉन व्हाइट यांची. मजकूर आणि डावांच्या आकृत्या तिच्यात नीट वाचता येतात, पण मूळचा सोनेरी मुलामा आणि रंग कृष्णधवल पानांवर कुठून येणार? ती उणीव भरून निघायला रंगीत छपाई पुरेशी सुधारावी लागली. १९७९ मध्ये माद्रिदच्या एदिलान प्रकाशनाने अल्फोन्सोच्याच 'कान्तीगास दे सान्ता मारिआ'च्या एस्कोरियालमधील सचित्र पोथीची रंगीत प्रतिकृती काढली. तिच्यात बहुधा एका पानावर सहा चौकटी असतात आणि प्रत्येक चौकटीच्या माथ्यावर मथळा.

भाषेच्या प्राध्यापकाला या देखणेपणाचा उपयोग बेताचाच. त्याला हवी असते भरवशाची आणि जवळ ठेवता येईल अशी प्रत. अमेरिकेत मॅडिसन येथील विस्कॉन्सिन विद्यापीठात आन्तोनिओ सोलालिन्दे १९२४ मध्ये आले. त्यांचा विषय अल्फोन्सोचा विश्वइतिहास, 'खेनेराल एस्तोरिआ'. त्याचे भाग वेगवेगळ्या ग्रंथालयांत विखुरलेले. कोणत्याही एका शहरात बसून सगळे पाहता येत नाहीत. मॅडिसनमध्ये मात्र फोटोस्टॅटवर ते शेजारी शेजारी ठेवता येत. फोटोस्टॅट म्हणजे बहुतेक वेळा काळ्या पानावर पांढरी अक्षरे. दिवसभर वाचणाऱ्याच्या डोळ्यांची परीक्षाच. १९३१ मध्ये तेथे मध्ययुगीन स्पॅनिशचे अभ्यासकेंद्र सुरू झाले. १९३७ मध्ये सोलालिन्दे वारले आणि लॉइड कास्टेन यांनी काम पुढे नेले. जुन्या स्पॅनिशच्या शब्दकोशासाठी पोथ्यांतून शब्द टिपले जाऊ लागले, पुढे संगणक आला, आणि १९७८ मध्ये अल्फोन्सोच्या राजलेखनशाळेतील पोथ्यांचे मजकूर शब्दसूचींसह मायक्रोफिशवर प्रसिद्ध झाले.

 

प्रतिकृतींचा सर्वांत मोठा फायदा अनेक पाठ असलेल्या ग्रंथांना झाला. 'लिब्रो दे बुएन आमोर' या काव्याच्या तीन मुख्य पोथ्या, सालामान्का, तोलेदो आणि गायोसो, १९७० च्या दशकात प्रतिकृतिरूपाने आल्या. ज्या ओळींत त्या एकमेकींपासून फुटतात, त्या आता एकाच टेबलावर ताडता आल्या.

पुढे बार्सिलोनाच्या मोलेइरो प्रकाशनाने प्रत्येक ग्रंथाच्या ९८७ क्रमांकित प्रती काढण्याचा पायंडा पाडला. पोताच्या कागदापासून कातडी बांधणीपर्यंत सगळे मुळाबरहुकूम, पण किंमत प्राध्यापकाच्या पगाराला न पेलणारी. अशा प्रती बहुधा ग्रंथालयांत आणि श्रीमंतांच्या कपाटांत गेल्या. २००८ मध्ये स्पेनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने आपला डिजिटल संग्रह खुला केला आणि 'सिद'ची पाने कुणालाही घरबसल्या मोफत पाहता येऊ लागली. चर्मपत्राची केसाळ बाजू कोणती, खरवडलेल्या अक्षराखाली काय आहे, वह्या कशा शिवल्या आहेत, हे पाहायला अजूनही माद्रिदलाच जावे लागते.