पॉलिश केलेल्या पेटीचं मोल

मंडळी, जुन्या वाद्याची किंमत कशी ठरवायची? फेंडर कंपनीची पहिली बेस गिटार १९५१ साली आली. त्या काळातल्या गिटारींचे शौकीन मूळ रंगालाच मान देतात. नव्याने रंगवलेली असली की किंमत साधारण निम्म्यावर येते.

आपल्या पेटीला हा नियम लावू नये असं मला वाटतं. १८४० च्या दशकात पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँने हार्मोनियमचं पेटंट घेतलं. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हातभात्याची पेटी घडवली. आपल्याकडे संगीत नाटकांनी ती लोकप्रिय केली, गोविंदराव टेंब्यांनी तिला मैफलीत प्रतिष्ठा दिली. १९४० पासून १९७१ पर्यंत रेडिओवर तिला बंदी होती, तरी घराघरांतून ती वाजतच राहिली.

मुलुंडचा माझा भाचा आजोबांची पेटी विकायला निघालाय. पॉलिश नवं म्हणून गिऱ्हाईक भाव पाडतंय. अरे, वरचं लाकूड काय बघायचं? झाकण उघडून बघ. सूर पॅरिसचे, जर्मन की पालिताण्याचे? सुरात आणताना घासून घासून पातळ तर झाले नाहीत ना? भाता हवा धरतो का? जाणत्या पेटीवाल्याकडून हे तपासून घे, मगच भाव बोल.

आणि एक. त्या पेटीवर घरातल्या तीन पिढ्या गायला शिकल्या. त्याचे पैसे कोणी देणार नाही. तेव्हा विकण्याआधी भावंडांनाही विचार, कुणाला तरी ती हवी असेल.

असो. तुमच्याकडे जुनी पेटी असेल तर तिच्याबद्दल जरूर लिहा.