गाय वारंवार उलटतेय? आधी गव्हाणीत काय पडतंय ते बघा

गाय माजावर आली, डॉक्टरांना बोलावून भरवली, आणि २१ दिवसांनी पुन्हा हंबरायला लागली. किंवा म्हैस व्यायली, चार महिने झाले, तरी माजाचा पत्ता नाही. अशा तक्रारी आपल्याकडे गोठ्यागोठ्यात ऐकायला मिळतात. मग इंजेक्शनं होतात, कुणी जनावर बाजार दाखवायची भाषा करतं. पण बऱ्याच वेळा दोष जनावरात नसतो, खाण्यात असतो.

उलटण्याचा खर्च किती?

गाई-म्हशींचा माज साधारण २१ दिवसांनी येतो. एक माज हुकला की २१ दिवस गेले. चारा-खुराकाला रोज २०० रुपये धरले तरी ४,२०० रुपये झाले. तीन माज हुकले तर १२,६०० रुपये, आणि पुढचं वेत दोन महिने लांबलं ते वेगळंच. गाय व्यायल्यावर ६० ते ९० दिवसांत भरली तर वर्ष-सव्वा वर्षाला एक वासरू मिळतं.

उपाशी शरीर आधी माज बंद करतं

जनावराच्या पोटात गेलेलं अन्न आधी जीव जगवायला लागतं, मग दुधाला, आणि उरलं तर गाभण राहायला. म्हणून खाणं कमी पडलं की पहिला फटका माजाला बसतो.

व्यायल्यानंतर हे जास्त होतं. दूध दीड-दोन महिन्यांत सगळ्यात वर जातं, पण भूक तेवढ्या लवकर वाढत नाही. मग गाय अंगावरची चरबी मोडून दूध देते. जेवढी जास्त खंगेल तेवढा माज लांबतो. जास्त दुधाच्या संकरित गाईंमध्ये हा त्रास जास्त दिसतो, कारण त्यांचं दूध खाण्याच्या पुढं धावतं.

अंदाज डोळ्यानं घेता येतो. शेवटच्या दोन-तीन बरगड्या हलक्या दिसत असतील तर ठीक. सगळ्या बरगड्या आणि पाठीचा कणा मोजता येत असेल तर गाय खंगली आहे. उलट शेपटीच्या बुडाशी चरबीचे गोळे दिसत असतील तर तेही वाईट. विण्याआधी फार माजलेली गाय व्यायल्यावर खाणं सोडते आणि आजारी पडते.

उसाचे वाढे आणि क्षारांची कमतरता

ऊसपट्ट्यात हंगामात जनावरं महिनोन् महिने वाढ्यांवर असतात. वाढ्यातलं ऑक्झलेट शरीरातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, त्यामुळं ते अंगी लागत नाही. प्रथिनं आणि फॉस्फरसही वाढ्यात कमीच. नुसत्या कडब्यावर किंवा सोयाबीनच्या भुसकटावर ठेवलेल्या जनावराचंही असंच होतं.

जनावर माती चाटतं, चिंध्या किंवा हाडं चघळतं, भिंत चाटतं, हे फॉस्फरस कमी पडल्याचं लक्षण असू शकतं. अशा जनावराचा माज थांबतो किंवा मुका होतो. तांबं, जस्त, सेलेनियम कमी पडलं तरी गर्भ राहणं अवघड होतं. सेलेनियम आणि ई जीवनसत्त्व कमी असेल तर वार अडकण्याचं प्रमाण वाढतं. हिरवा चारा बराच काळ मिळाला नाही तर अ जीवनसत्त्व घटतं आणि वासरं अशक्त किंवा आंधळी जन्मू शकतात.

जास्त पेंड म्हणजे जास्त फायदा नव्हे

दूध वाढावं म्हणून काही जण सरकी पेंड वाढवत जातात, पण मका किंवा भरडा तेवढा देत नाहीत. मग रक्तात युरिया वाढतो आणि भरवूनही गर्भ राहत नाही. बुरशी आलेला मका, पेंड किंवा मुरघास तर अजिबात घालू नका. त्यानं माज बिघडतो, गाभडण्याचाही धोका असतो.

रोज किती द्यावं?

साधारण ४०० किलो वजनाच्या दुभत्या गाईसाठी हा अंदाज धरा:

- हिरवा चारा १५ ते २० किलो, त्यात मका-ज्वारीसोबत लसूणघास किंवा चवळी
- वाळला चारा ५ ते ६ किलो, कुट्टी करून
- खुराक शरीरासाठी दीड किलो, शिवाय दर लिटर दुधामागे ४०० ग्रॅम (म्हशीला ५०० ग्रॅम)
- मिनरल मिक्श्चर ५० ग्रॅम, मीठ ३० ग्रॅम
- स्वच्छ पाणी कधीही पिता येईल असं

विण्याआधी दोन महिने दूध आटवा. त्या काळात खुराक एक-दीड किलो जास्त द्या. पोटातलं वासरू याच काळात झपाट्यानं वाढतं. खुराक बदलायचा असेल तर आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला.

कालवडी आणि शेळ्या

कालवड वयावर नाही, वजनावर माजावर येते. संकरित कालवड साधारण २५० किलोची झाली की भरवावी. लहानपणी तिला उष्टंखरकटं घातलं तर तीन वर्षांचीही माजावर येत नाही. जंतनाशक वेळेवर द्या, नाहीतर खाल्लेलं जंतांच्याच घशात जातं.

शेळ्यांना बोकड दाखवण्याआधी दोन-तीन आठवडे रोज २०० ते २५० ग्रॅम मका किंवा भरडा सुरू करा. हडकलेल्या शेळ्यांत याचा फायदा चांगला दिसतो, जुळी करडं होण्याचं प्रमाण वाढतं.

सगळंच खाण्यावर ढकलू नका

खाणं नीट असूनही गाय तीन वेळा उलटली तर पिशवीची तपासणी करून घ्या. सोट काचेसारखा स्वच्छ नसेल, गढूळ किंवा पू असेल तर आधी उपचार, मग भरवणं. माज सकाळी दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी भरवा. म्हशीचा माज उन्हाळ्यात मुका असतो आणि बऱ्याचदा रात्री दिसतो, म्हणून झोपण्याआधी गोठ्यात एक चक्कर मारा. गाय गाभडली तर वार आणि मेलेलं वासरू उघड्या हातानं उचलू नका. तो सांसर्गिक गर्भपात असेल तर माणसालाही लागण होते.

जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा किंवा १९६२ या टोल फ्री नंबरवर फोन करा. आणि माजाची, भरवल्याची तारीख गोठ्यातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. डॉक्टर आल्यावर पहिला प्रश्न तोच विचारतात.