दोन दारांचे इंजिन, दोन कार्बोरेटर

इंजिनासाठी हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या एसयू कार्बोरेटरचा जन्म बूटविक्रेत्यांच्या घरात झाला. लंडनच्या ‘लिली अँड स्किनर’ या पेढीच्या कुटुंबातील जॉर्ज स्किनर यांनी १९०५ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९१० मध्ये भाऊ कार्ल यांच्यासह कंपनी उभी राहिली. ‘स्किनर्स युनियन’ची आद्याक्षरे म्हणजे एसयू. हवेच्या ओढीने वरखाली होणारा भाग सुरुवातीला चक्क चामड्याचा भाता होता. घरचा धंदा पाहता यात नवल नाही.

पुढे भात्याच्या जागी धातूचा पिस्टन आला, तत्त्व मात्र तेच राहिले. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन जास्त हवा ओढते, त्या ओढीने पिस्टन उचलला जातो आणि त्याला खालून लावलेली सुई पेट्रोलच्या जेटमधून वर सरकते. सुई टोकाकडे निमुळती असते, म्हणून ती जितकी वर जाईल तितकी भोवतीची फट वाढते आणि तितके पेट्रोल जास्त येते. इतर कार्बोरेटरांत मंद आणि वेगवान चालीसाठी वेगवेगळे जेट लागत, एसयूचे एका जेटवर भागे. १९२६ मध्ये विल्यम मॉरिस यांनी ही कंपनी विकत घेतली आणि मॉरिस, एमजी अशा गाड्यांवर एसयू ठरूनच गेला.

जोड एसयूचे नाव ज्या लहान इंजिनाशी कायमचे जोडले गेले ते ऑस्टिनचे ए-सीरिज. १९५१ मध्ये ए-३० या काटकसरी गाडीसाठी ते ८०३ सीसीचे बनले. सिलिंडर चार, पण मिश्रण आत घेणारी दारे दोनच. पहिला आणि दुसरा सिलिंडर एका दारावर, तिसरा आणि चौथा दुसऱ्यावर. चाळीतल्या सामाईक नळासारखीच ही व्यवस्था. पेट घेण्याचा क्रम १-३-४-२ असल्याने शेजारी लागोपाठ ओढतात. एकाचे भरणे संपते न संपते तोच दुसरा तोंड लावतो, आणि वाटा सारखा पडत नाही. ही खोट इंजिनाच्या हेडमध्येच ओतलेली होती. वेग वाढवू पाहणाऱ्यांनी मग निदान प्रत्येक दाराला स्वतंत्र कार्बोरेटर दिला.

मॉरिस मायनरमध्ये ९४८ सीसीचे हे इंजिन एका कार्बोरेटरवर ३७ अश्वशक्ती देई. १९५८ च्या ऑस्टिन-हीली स्प्राइटमध्ये जोड एसयूंसह ती ४३ झाली. खरी कीर्ती मिळाली ती मिनीला. ॲलेक इसिगोनिस यांची ८४८ सीसीची मिनी १९५९ मध्ये ३४ अश्वशक्तीची होती. रेसगाड्या बांधणारे जॉन कूपर यांच्या आग्रहाने १९६१ मध्ये निघालेल्या मिनी कूपरने ९९७ सीसी आणि सव्वा इंची दोन एसयूंवर ५५ गाठली. १२७५ सीसीची कूपर एस ७६ वर पोचली. १९६४, १९६५ आणि १९६७ ची मोंटे कार्लो रॅली मिनीने जिंकली आणि बॉनेट उघडल्यावर दोन कार्बोरेटर दिसणे ही मिरवण्याची गोष्ट झाली. विल्टशायरमधल्या डाउनटन गावी डॅनियल रिचमंड यांच्या कार्यशाळेत हेड घासूनपुसून इंजिने तयार होत. पण जोडीचा डौल हेडच्या कामाला कधीच लाभला नाही, जरी पुष्कळशी ताकद तिथूनच येत होती.

जोडी जुळवणे हे कानाचे काम होते. इंजिन गरम करून एअर फिल्टर काढायचा, दोन्ही थ्रॉटलना बांधणारी कडी ढिली करायची आणि रबरी नळीचे एक टोक कानाला, दुसरे आळीपाळीने दोन्ही कार्बोरेटरांच्या तोंडाशी धरायचे. दोन्हींची फुसफूस सारखी होईपर्यंत स्टॉपचे स्क्रू फिरवायचे. मग मिश्रण. जेटखालचा षटकोनी नट एकेक पैलू फिरवायचा आणि पिस्टन मिलिमीटरभरही नाही इतका उचलून पाहायचा. इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, पडला तर कमी. किंचित चढून पूर्ववत झाला तर मिश्रण बरोबर. शेवटी कडी आवळायची. थ्रॉटलची दांडी झिजलेली असेल तर ही सगळी मेहनत वाया जाई, कारण झिजलेल्या फटीतून आत शिरणारी हवा कुठल्याच स्क्रूला जुमानत नसे. ताकद वाढवलेल्या इंजिनाला सुईही बदलावी लागे. अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या शेकडो सुया मिळत. त्यांच्या जाडीतला फरक इंचाच्या हजाराव्या भागात मोजला जाई.

१९८२ च्या एमजी मेट्रोने या प्रतिष्ठेला धक्का दिला. १२७५ सीसीचे तेच ए-सीरिज, कार्बोरेटर मात्र पावणेदोन इंची एकच, आणि अश्वशक्ती ७२. सव्वा इंची दोन तोंडांचे क्षेत्रफळ मिळून साधारण २.४५ चौरस इंच भरते, पावणेदोन इंची एका तोंडाचे २.४१. हवेला वाट जवळपास तितकीच मिळत होती आणि जुळवाजुळवीची कटकट उरली नव्हती. १९९० मध्ये कूपर पुन्हा बाजारात आली तीही एकाच एसयूवर. लवकरच तिच्यात कार्बोरेटरच्या जागी एका इंजेक्टरची व्यवस्था आली. १९९६ च्या अखेरीस इंजेक्टर दोन झाले, दर दाराला एक, आणि २००० मध्ये मूळ मिनीचे उत्पादन थांबेपर्यंत ते तसेच राहिले.