समुद्रकाठच्या जमिनीचा भाव

संत तुकाराम नगरात राहणाऱ्याला कोकण फार लांब वाटत नाही. कोकणात जाणाऱ्या गाड्या जवळच्याच वल्लभनगर एसटी स्थानकातून मिळतात. निवृत्त झालो तेव्हा हाती आलेल्या प्रॉव्हिडंट फंडातून मी दापोली तालुक्यात समुद्र दिसणारा एक बिगरशेती प्लॉट घेतला. पुढे घरातल्या आजारपणासाठी तो विकायला काढला, तर दोन वर्षांत एकही गिऱ्हाईक फिरकले नाही. ज्यांच्याकडून मी तो घेतला, ते मात्र त्याच काळात शेजारच्या उतारावरचे नवे प्लॉट माझ्या दीडपट दराने विकत होते. माल पडून आणि भाव चढा, हे एकाच वेळी कसे? या प्रश्नाचा माग काढत मी मुंबईच्या बॅकबेपर्यंत पोचलो.

1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेनासा झाला. हिंदी कापसाचा भाव कडाडला. पाच वर्षांत मुंबईकडे नेहमीपेक्षा सुमारे 8 कोटी 10 लाख पौंड जास्त आले, असा हिशेब दिनशा वाच्छांनी दिला आहे. एवढा पैसा ठेवायचा कुठे? 1865 च्या आरंभी शहरात 31 बँका, 16 वित्तसंस्था आणि 8 जमीन कंपन्या होत्या. त्यांत सर्वांत गाजली ती बॅकबे रेक्लमेशन कंपनी. समुद्रात भराव घालून रेल्वेला जागा द्यायची आणि उरलेली जमीन घरांसाठी विकायची, असा तिचा बेत. तिचा 5,000 रुपयांचा शेअर 50,000 च्या घरात गेला. जमीन तोवर पाण्याखालीच होती.

यातले बहुतेक व्यवहार वायद्याचे होते. पैसे नंतर द्यायचे, त्याआधी कागद चढ्या भावाने दुसऱ्याच्या गळ्यात मारायचा. म्हणजे जो भाव बोलला जात होता, तो रोख मोजून कुणी दिलेलाच नव्हता. एप्रिल 1865 मध्ये युद्ध संपत आले आणि कापूस कोसळला. 1 जुलैला वायदे भागवायची वेळ आली, तेव्हा पैसे कुणाकडेच नव्हते. बॅकबेचा शेअर दोन हजारांच्या खाली आला. 2,850 रुपयांचा बँक ऑफ बॉम्बेचा शेअर 87 वर उतरला.

दुसरा प्रसंग पहिल्या महायुद्धानंतरचा. मुंबईत जागेची टंचाई होती, भाडी भडकली होती. 1920 मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या सरकारने त्याच बॅकबेत 1,145 एकर जमीन काढायचे ठरवले. पण भाव चढायला महिने पुरतात, समुद्र भरायला वर्षे लागतात. भरावाचा गाळ भिंतीतून निसटत राहिला, खर्च फुगला, आणि तोवर तेजी ओसरली. के. एफ. नरिमन यांनी या कारभारावर जाहीर कोरडे ओढले. 1926 मध्ये मिअर्स समिती बसली. शेवटी 439 एकरच भरले गेले, आणि त्यातलेही निम्म्याहून जास्त लष्कराला गेले. आज मरीन ड्राइव्हला दिसणाऱ्या इमारती तिथे उभ्या राहायला आणखी बरीच वर्षे जावी लागली.

दोन्ही प्रसंग ताडून पाहिल्यावर माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. जमीन तेजी पाहून आखली जाते आणि मंदीत हाती येते. म्हणून माल साचतो. तरीही भाव उतरलेला दिसत नाही, कारण तो विकणाऱ्याने छापलेला असतो. उतरवला तर आधीचे गिऱ्हाईक जाब विचारेल आणि पुढचे थांबेल. फेरविक्री जवळपास होतच नसल्याने तो आकडा खोटा ठरवणारा व्यवहारही घडत नाही. राहायला घेतलेल्या घराचे भाडे तरी खरे बोलते. वर्षातून चार दिवस जायच्या जागेला तेवढाही साक्षीदार नसतो.

गेल्या महिन्यात आमच्या इमारतीतले एक गृहस्थ भोसरीतल्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि कोकणातल्या प्लॉटचे रंगीत माहितीपत्रक घेऊन माझ्याकडे आले. मी त्यांना बॅकबेची गोष्ट सांगितली नाही. एवढेच म्हटले, "दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जा. तिथे प्लॉट घेतलेल्या एखाद्याने तो पुढे कितीला विकला, त्याची नोंद पाहा. आणि विकणाऱ्याला विचारा, याच भावाने तुम्ही परत घ्याल का?"

माझा प्लॉट अजून माझ्याच नावावर आहे.