पालातील पाळणा

इतिहासाच्या पुस्तकांत एक वाक्य पदोपदी आढळते : “अमुक नदीच्या काठी फौजेचा तळ पडला.” शिक्षकीच्या काळात हे वाक्य मी मुलांकडून कितीदा वाचून घेतले असेल, याची गणती नाही. त्यामागून तोफा किती, हत्ती किती, घोडदळ किती, हे सारे येते. परंतु त्या तळावर एखादे तान्हे मूल रडत होते काय, त्याची दुपटी कोठे वाळत, त्याची आई कोणते गाठोडे बांधून इतक्या दूर आली होती, याविषयी इतिहासकार बहुधा मौन पाळतात. त्या गाठोड्याकडे आज थोडे लक्ष द्यावे असा विचार आहे. आमचे जयसिंगपूर तसे नवे गाव, पण त्याच्या आसपासच्या माळांवर आणि शिवारांत अशी गाठोडी पिढ्यान्‌पिढ्या उतरत आली आहेत.

प्रथम एक गोष्ट सांगितली पाहिजे. थोरल्या शिवाजी महाराजांच्या लष्करात तान्ह्या मुलास जागाच नव्हती. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ साली जिंजी येथे बखर लिहिली, तीत लष्कराची शिस्त सांगताना फौजेबरोबर बायका व बटकी नेऊ नयेत असा सक्त नियम दिला आहे. पावसाळ्याचे चार महिने छावणीत काढावयाचे, दसऱ्यास बाहेर पडावयाचे आणि आठ महिने परमुलखात फिरावयाचे, अशी ती रीत. ज्या फौजेस एका रात्रीत वीस कोस तोडावयाचे, तिला पाळणा परवडत नाही. नियम कठोर होता, पण घरी राहिलेल्या तान्ह्याच्या दृष्टीने पाहिले तर तो दयेचाच होता, असे मला वाटते.

पुढे हा नियम सैल झाला. पेशवाईत उत्तरेकडील मोहिमा वर्षवर्ष, दोनदोन वर्षे चालू लागल्या. फौजेच्या संरक्षणात काशी, गया, कुरुक्षेत्र घडावे या इच्छेने कुटुंबेच्या कुटुंबे बरोबर निघू लागली. पानिपतच्या मोहिमेत भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई होत्या, आणि तरुण नाना फडणिसांबरोबर त्यांची आई व पत्नी होती. १७६० च्या नोव्हेंबरपासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत, म्हणजे सुमारे अडीच महिने, तो तळ शत्रूच्या वेढ्यात अडकून पडला. दाणा संपला, वैरण संपली, उत्तरेची थंडी अंगावर आली. नानांची पत्नी वाचली, आई मात्र परत आली नाही. हे आपणांस ठाऊक आहे ते नानांनी स्वतः आपली हकीकत लिहून ठेवली म्हणून. ज्यांच्या घरी कोणी लिहिणारे नव्हते, त्यांच्या पालांत त्या अडीच महिन्यांत काय घडले असेल हे कोणत्या कागदावर शोधावे?

शिंद्यांच्या छावणीची गोष्ट वेगळी. तेथे तळ हेच घर होते. ब्राउटन नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने १८०९ साली या छावणीत राहून पत्रे लिहिली, ती पुढे १८१३ साली छापली गेली. बिनीवाले पुढे जाऊन निशाण रोवीत, त्यावरून प्रत्येक बाजारपेठेची आणि प्रत्येक सरदाराची जागा ठरे. गाव रोज हले, पण गल्ल्या त्याच. कडेवर मूल घेऊन मागाहून येणाऱ्या बाईस आपले पाल कोठे असणार हे विचारावे लागत नसावे. या छावणीची धनीण बायजाबाई शिंदे. ती कागलच्या घाटगे घराण्यातील, सखाराम घाटग्यांची लेक, १७९८ साली पुण्यास दौलतराव शिंद्यांशी तिचा विवाह झाला. त्याच कागलच्या घाटगे घराण्यातील जयसिंगराव हे राजर्षी शाहू महाराजांचे जनक पिता, आणि त्यांच्याच नावाने महाराजांनी १९१७ साली आमचे जयसिंगपूर वसविले. दौलतरावांनी १८१० साली ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली छावणी दिली ती पुन्हा उठलीच नाही. त्या तळाचे शहर झाले आणि शहरास नावही लष्कर असेच पडले.

आता गाठोडे सोडून पाहू. लष्करातील बाई असो, यात्रेकरू असो की मेंढपाळ, तान्ह्याचे सामान थोड्याफार फरकाने एकच असावयाचे. सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे जुने, धुऊन मऊ झालेले सुती लुगडे. त्याच एका वस्त्राची रात्री झोळी, दिवसा सावली, वाटेत पाठीशी बांधावयाची खोळ, आणि अखेरीस फाटून दुपटी. नवे वस्त्र या कामी निरुपयोगी, कारण ते ओले शोषत नाही आणि कोवळ्या कातडीस काचते. मग घोंगडे. ते थोडाबहुत पाऊस अडविते आणि भिजले तरी ऊब सोडीत नाही. डोक्यास कुंची. गुटीची सहाण आणि तिच्याबरोबर वेखंड, जायफळ, मुरुडशेंग, हळकुंड यांची पुरचुंडी. तेलाची बुधली. शेकावयास मातीची शेगडी बहुधा नेत नसत, ती वाटेत फुटे. तीन दगड कोठेही मिळतात.

या पुरचुंडीविषयी मला एक बोलावयाचे आहे. आमच्या आज्या गुटीवर मोठा विश्वास ठेवीत, आणि ती मधात कालवून देत. आजचे वैद्यक सांगते की पहिले सहा महिने आईच्या दुधावाचून बाळास काहीही देऊ नये, पाणीसुद्धा नको, आणि वर्ष पुरे होईपर्यंत मध तर मुळीच नको. तळावर तर हा उपदेश दुप्पट खरा ठरतो. जेथे विहीर कोणाची आणि ओढा कोठून वाहत आला हे ठाऊक नाही, तेथे सहाण धुवावयाचे पाणी हेच दुखण्याचे मूळ. ज्या बायांनी गरिबीमुळे नुसत्या अंगावरच्या दुधावर मूल वाढविले, त्यांनी नकळत शहाणपणच केले. त्या दुधाचे ओझे होत नाही, ते आंबत नाही, आणि त्यास चूलही लागत नाही. मात्र आईच्या पोटात भाकरी असावी लागते.

झोळीचेही एक शास्त्र आहे. जमिनीपासून दोन हात वर टांगली की ओल, मुंग्या, विंचू यांपासून मूल दूर राहते, आणि चालता चालता एक झोका दिला की आईचे हात कामास मोकळे. पण ती चुलीच्या वाऱ्याखाली बांधता कामा नये, आणि पालाच्या काठीवर तर नाहीच, कारण वावटळ आली की काठी व मूल दोन्ही खाली. जाणत्या बाया ती गाडीच्या साट्याखाली किंवा झाडाच्या जिवंत फांदीस बांधतात.

गाठोडे बांधावे कसे हे शिकावयाचे असेल तर धनगरांकडे जावे. दिवाळीनंतर आमच्या शिरोळ तालुक्यात त्यांचे वाडे येतात. शेतकरी खतासाठी रानात मेंढरे बसवून घेतो आणि त्याचा मोबदला धान्याने किंवा पैशाने देतो. मुक्काम दोनचार रात्रींचा, की वाडा हलला. पुरुष मेंढरे घेऊन चरत चरत येतात, आणि बाया घोड्यांवर बिऱ्हाड लादून पुढे निघतात. नव्या रानात पोहोचून जागा झाडणे, वाघर लावणे, चूल मांडणे हे सारे त्यांच्याच हातचे. घोड्याच्या पाठीवरील ओझे मी पुष्कळदा निरखून पाहिले आहे. जे उतरल्यावर शेवटी लागते ते तळाशी, जे आधी लागते ते वर. तळाशी धान्याचे पोते, त्यावर भांडी, त्यावर घोंगडी, आणि घोंगड्यांच्या खोलगट घरट्यात मूल, त्याच्या शेजारी त्याच दिवशी जन्मलेले कोकरू. दोघांस एकच दोरी, सैल पण दोन वेढ्यांची. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेस जे कोणी गेले असतील त्यांनी ही घोडी पाहिली असतील. बादशाही फौजेच्या तंबूखान्यापेक्षा ही व्यवस्था मला अधिक विचारपूर्वक केलेली वाटते.

बादशाहाचे नाव उगीच घेतले नाही. गाठोडे कितीही चोख असो, तळाची जागा चुकली की सारे व्यर्थ. औरंगजेबाचा तळ म्हणजे चालते नगर होते, त्यात जनाने होते, लेकरे होती. १७०० सालच्या ऑक्टोबरच्या आरंभी हा तळ माण नदीच्या काठी खवासपूर येथे पडला होता. वरच्या अंगास पाऊस झाला आणि मध्यरात्री नदी तळात शिरली. माणसे, जनावरे, राहुट्या वाहून गेल्या. आरडाओरडा ऐकून मराठेच आले असे समजून बादशाह घाईने उठला, तो पडून त्याचा गुडघा निखळला, आणि पुढे तो लंगडतच राहिला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १७०२ च्या जून महिन्यात, विशाळगड हाती आल्यावर ऐन पावसात फौज पन्हाळ्याकडे परतली. सुमारे ३० मैलांचे ते अंतर तोडावयास ३८ दिवस लागले. हत्ती चिखलात रुतले, सामान वाटेवर टाकून द्यावे लागले. आमच्याच जिल्ह्यातील हा मार्ग आहे. धनगराचे पोर आषाढात त्या वाटेस कधी दिसावयाचे नाही.

एक काळ असाही आला की घर धोक्याचे आणि झोपडी सुरक्षित. १८९६ साली मुंबईस प्लेग सुरू झाला आणि दोनतीन वर्षांत तो कोल्हापूर संस्थानात पोहोचला. शाहू महाराजांनी गावे मोकळी करवून लोकांस बाहेर माळावर झोपड्या घालून राहावयास लावले. लोक नाखुषीने निघाले. भरले घर, कणगी, देव मागे ठेवून बाळंतिणीस गवताच्या छपराखाली निजवावयाचे, हे कोणास रुचेल? परंतु प्लेग उंदरांच्या पिसवांतून पसरतो, आणि उघड्या माळावर घरांतले उंदीर नव्हते. त्या गवती छपरांनी कितीतरी पाळणे हलते ठेवले.

आमच्या काळात पाण्याने पुन्हा तेच करावयास लावले. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही साली कृष्णा आणि पंचगंगा पात्र सोडून शिरोळ तालुक्यात पसरल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नदीकाठच्या गावांतून जी कुटुंबे जयसिंगपुरास आली, त्यांच्यासाठी उघडलेल्या एका शाळेत मीही सतरंज्या अंथरावयास गेलो होतो. वीस-बावीस दिवसांचे मूल घेऊन एक बाई आली. नावेत एकच पिशवी घेऊ दिली होती. तिने ती उघडली तेव्हा वर दुपटी, मध्ये एक जुने लुगडे आणि तळाशी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले लसीकरणाचे कार्ड. दागिने राहिले, शिधापत्रिका राहिली, पण कार्ड आणले. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लशी सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात, आणि कोणती झाली व कोणती राहिली हे त्या कार्डावरून परगावच्या परिचारिकेसही कळते. आजीच्या वेखंडाची जागा या कागदाने घेतली आहे, आणि हा बदल मला सर्वस्वी इष्ट वाटतो.

राहता राहिला तो तळ जो दरवर्षी आमच्या डोळ्यांसमोर पडतो. दसरा-दिवाळी झाली की बीडकडून, मराठवाड्यातून ऊसतोडीची कुटुंबे साखर कारखान्यांच्या परिसरात येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत राहतात. सभासदाने लिहिलेल्या स्वारीचाच हा हंगाम. मोकळ्या रानात बांबू, चटई आणि ताडपत्री यांच्या कोप्या उभ्या राहतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि ती घेताना नवरा-बायको मिळून एक कोयता असा हिशेब धरला जातो. या हिशेबात तान्ह्याचा आकडा नाही. बाळंतपण होऊन महिना-दीड महिना झालेली बाईसुद्धा त्या कोयत्याचा अर्धा भाग असते, आणि ती बसली तर उचल फिटत नाही. पहाटे चारच्या सुमारास, गारठ्यात, मूल लुगड्यात गुंडाळून ती फडावर जाते. झोळी बांधते ती गाडीखाली, नाहीतर बांधावरच्या बाभळीस. पाचटाची धार, धूर, साप आणि वळणाऱ्या गाड्यांची चाके, या साऱ्यांच्या मध्ये ती झोळी असते. धनगराच्या बाईस आपला मुक्काम आपण निवडता येतो, हिला तोही नाही.

मग झोळीस राखण कोण? बहुधा सहा-सात वर्षांची थोरली बहीण. काही ठिकाणी या मुलांसाठी साखरशाळा भरल्या. अशाच एका शाळेत मी निवृत्तीनंतर दोन हंगाम शिकवावयास जात असे. पहिल्याच दिवशी एक मुलगी कडेवर भाऊ घेऊन आली. नाव घातले, पाटी दिली, पुढच्या ओळीत बस म्हणालो. ती बसेना. तिने दाराजवळची जागा धरली, भावाची झोळी बाहेरच्या लिंबास बांधली, आणि झोळीची दोरी आत ओढून आपल्या पायाच्या अंगठ्यास गुंडाळली. मग तिने पाटी मांडीवर घेतली.