अजिंठ्यातील ‘इराणी दरबार’ : चित्राचा अर्थ कोणता?

अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात, दर्शनी भिंतीच्या आतील अंगास एका राजदरबाराचे भव्य चित्र आहे. सिंहासनावर राजा विराजमान असून टोकदार टोप्या घातलेले दाढीधारी परदेशी नजराणे घेऊन त्याच्यासमोर आले आहेत. याच लेण्याच्या छतावर तशाच वेशातील पुरुष हाती चषक घेऊन स्त्रीसह बसलेला दिसतो. सेवक दिमतीला आहेत.

वास्तुकलेचे अभ्यासक जेम्स फर्ग्युसन यांनी १८७९ मध्ये या चित्रांचा ऐतिहासिक अर्थ लावला. इराणचा सम्राट दुसरा खुस्रो आणि एक भारतीय राजा यांच्यातील पत्रव्यवहाराचा उल्लेख तबरीच्या अरबी इतिहासग्रंथात आहे. हा राजा म्हणजे चालुक्य दुसरा पुलकेशी, भिंतीवरील प्रसंग त्याच्या दरबारातील इराणी वकिलातीचा आणि छतावरील जोडी खुस्रो व त्याची राणी शिरीन यांची, असे त्यांनी मांडले. हा तर्क पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचला.

मात्र कालगणना त्याच्या आड येते. वॉल्टर स्पिंक यांच्या मते हे लेणे वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळातील, म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. पुलकेशी सातव्या शतकातला. डीटर श्लिंगलोफ यांनी दरबाराचे हे दृश्य महासुदर्शन राजाच्या बौद्ध कथेतील असल्याचे दाखवले.

ही कथा बुद्धांनी महापरिनिर्वाणापूर्वी कुशीनगरात आनंदाला सांगितली. या आडगावात देह ठेवू नये, अशी विनवणी आनंदाने केली होती. हेच गाव पूर्वी महासुदर्शनाची वैभवशाली राजधानी कुशावती होते आणि तो राजा पूर्वजन्मीचे आपणच, असे बुद्धांनी सांगितले. अखेरच्या क्षणी ‘वैभवाची आसक्ती सोडा, असेच मला सांग’, असे तो राणीला म्हणतो.

मग परदेशी पाहुण्यांचे काय? पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांतून इराणशी व्यापार चालत होता. सहाव्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनात कल्याणचा उल्लेख येतो. असे चेहरे आणि पोशाख चित्रकारांना अपरिचित नसावेत. वेशावरून माणसाचा देश ओळखता येतो, नाव नव्हे.

फर्ग्युसन यांचा अर्थ स्वीकारला, तर हे चित्र राजकीय वैभवाची नोंद ठरते. भिक्षूंच्या विहारात मात्र ते वैभव, एक दिवस सोडून द्यावयाची गोष्ट म्हणून रंगवलेले होते.