मेथीच्या वाफ्याशी अडलेला फाटा

परदेशी मुलीकडे राहायला गेलेला बाप पहिल्या आठवड्यात पाहुणा असतो, दुसऱ्या आठवड्यात तो भांडी पुसतो, आणि तिसऱ्या आठवड्यात त्याला घरातल्या तंट्यात पंच नेमतात. इंग्लंडात डर्बीला आमच्या लेकीकडे या तिन्ही पायऱ्या मी क्रमाने चढलो.

तंटा जमिनीचा होता. आमच्या जावईबापूंनी परसात आगगाडी बसवलेली आहे. खेळण्यातली म्हटलं की त्यांना राग येतो. दोन रुळांमधलं अंतर पंचेचाळीस मिलिमीटर. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या लेहमान कंपनीने १९६८ साली याच मापाच्या, पावसापाण्यात बागेत धावतील अशा गाड्या बाजारात आणल्या, आणि तेव्हापासून युरोपातल्या किती नवऱ्यांनी किती बायकांच्या फुलझाडांमधून रूळ नेले असतील त्याची मोजदाद नाही. मूळ मीटरगेजचं हे साडेबाविसावं रूप. म्हणजे पूर्वी मनमाडहून काचीगुड्याला जाणारी गाडी थंडीने आकसून एवढीशी झाली, अशी कल्पना करावी.

गाडी सफरचंदाच्या झाडाभोवती गोल फिरे आणि निघाली तिथेच परत येई. पेन्शनीत निघाल्यापासून माझाही दिनक्रम तोच असल्यामुळे मला त्यात काही खटकलं नाही. जावईबापूंना मात्र आता फाटा हवा होता. मुख्य मार्गावर सांधा टाकायचा, तिथून परसाच्या वरच्या टोकाला असलेल्या अवजारांच्या खोपटापर्यंत रूळ न्यायचे, आणि तिथे स्टेशन, मालधक्का, पाण्याची टाकी नि इंजिनाची शेड उभारायची. सध्या रोज संध्याकाळी ते इंजिनाला तान्ह्या बाळासारखं कडेवर घेऊन घरात आणतात. ते दृश्य पाहून शेजारची म्हातारी खिडकीचा पडदा लावून घेते.

नकाशा तयार होता. सहा मीटरचा सरळ फाटा. फक्त तो लेकीच्या मेथीच्या वाफ्यावरून जात होता.

हे मेथीचं बी आमच्या सौभाग्यवतींनी खास पाठवलेलं. "माझ्या मेथीवरून गाडी गेली तर मी रुळांवर आडवी पडेन," असं लेकीने जाहीर केलं. "बाबा, तुम्हीच सांगा, विकास हवा की भाजी हवी?" जावईबापूंनी विचारलं. वर फाटा किती उपयोगाचा आहे, हेही त्यांनी पटवलं: पाखरांचे दाणे वर नेता येतील, वाळलेला पाला खाली आणता येईल. आमची नात रेवा, वय वर्षं आठ, तेवढी तटस्थ होती. "पण पाला खाली आणून करायचं काय?" असं तिने विचारलं. या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही.

निवाडा करण्यापूर्वी पूर्वीचे दाखले पाहावेत म्हणून मी वाचनालयात गेलो. डर्बी हे रेल्वेचं माहेरघर. १८४४ साली मिडलंड रेल्वे स्थापन झाली ती याच गावात मुख्य ठाणं करून. पण मला दाखला सापडला तो गावाबाहेर पाचेक मैलांवर, डफील्डला. तिथे सर आर्थर हेवूड नावाचे एक खानदानी गृहस्थ राहत. केंब्रिजला शिकलेले, हाताने लेथ चालवणारे, आणि फावल्या वेळात चर्चच्या घंटा वाजवणारे. हौस एवढी की १८९१ साली त्यांनी देशभरच्या घंटावाल्यांची मध्यवर्ती परिषद स्थापन केली आणि मरेपर्यंत तिचं अध्यक्षपद सोडलं नाही. घंटा आणि आगगाडी एकाच माणसाच्या नशिबात आल्यावर त्याच्या घरच्यांना दुपारची झोप कशी लागत असेल, हे तेच जाणोत.

तरुणपणी त्यांनी वडिलांबरोबर चार इंची मार्गाची छोटी गाडी केली होती. मग धाकट्या भावंडांना वर बसता यावं म्हणून नऊ इंची केली. ती डुगडुगायला लागली, म्हणून पंधरा इंचांवर आले, आणि १८७४ च्या सुमारास आपल्या बंगल्यामागच्या टेकाडावर त्यांनी रूळ टाकले. तीन बोगदे, एक उंच लाकडी पूल, जागोजागी स्टेशनं, दहात एक असा छातीवरचा चढ! इंजिनांना बायकांची नावं: एफी, एला, म्युरिएल. डब्यांत एक जेवणाचा आणि एक झोपायचा. सगळी लाइन जेमतेम मैलभराची. एवढ्या प्रवासात झोप लागायची कधी आणि जेवायचं कधी, हे सरांनाच ठाऊक.

इथवर मला हेवूडसाहेब आमच्या जावईबापूंचे पूर्वजच वाटले. पण पुढे त्यांनीही तीच चूक केली. गाडी गंमत म्हणून केली, असं कबूल करायला ते तयार नव्हते. ती उपयोगाची आहे हे जगाला पटवायचा त्यांनी ध्यास घेतला. लष्कराने तोफगोळे वाहावेत, जमीनदारांनी कोळसा नि विटा वाहाव्यात म्हणून त्यांनी पुस्तक लिहिलं, लोकांना बोलावून गाडी दाखवली. लोक आले, बसले, फिरले, आभार मानून घरी गेले. लष्कर काही विरघळलं नाही. पुढे पहिल्या महायुद्धात खंदकांकडे रूळ गेले ते साठ सेंटिमीटरचे. गिऱ्हाईक मिळालं ते एकच, ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर. त्याच्या ईटन हॉल या वाड्याला बाल्डर्टन स्टेशनपासून तीन मैलांची लाइन हेवूडनी बांधून दिली. ती १८९६ साली सुरू झाली. तीवरून कोळसा खरोखरच गेला. बाकी कोणी जमीनदार फिरकला नाही. १९१६ साली सर आर्थर वारले आणि त्यांची गाडी विकली गेली.

मी पुस्तक मिटणार होतो, पण शेवटचं पान राहिलं होतं. विकलेली इंजिनं गेली उत्तरेत, रॅवनग्लासच्या पंधरा इंची रेल्वेवर. १८९४ सालच्या म्युरिएलला १९२७ साली नवा बॉयलर बसवला, नाव बदलून 'रिव्हर अर्ट' ठेवलं, आणि ती आजही तिथे धावते. काय वाहते? तोफगोळे नाहीत, विटा नाहीत. सुट्टीत आलेली पोरं वाहते. ज्यांना वर बसता यावं म्हणून हा सगळा खटाटोप सुरू झाला, शेवटी त्यांच्याकडेच गाडी परत आली. मधली चाळीस वर्षं उपयोग सिद्ध करण्यात गेली.

घरी येऊन मी निवाडा दिला. "पाखरांचे दाणे विसरा. फाटा हवा कारण तुम्हाला हवा. एवढं बायकोला सरळ सांगा."

जावईबापू जरा वेळ रुळांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "हवा आहे." लेक म्हणाली, "मग आधीच सांगायचं होतंस. पण मेथीवरून नाही."

आता प्रश्न भूगोलाचा उरला. खोपट तीस सेंटिमीटर उंचावर. सहा मीटरच्या सरळ फाट्याला चढ पडे विसात एक, आणि त्यावर इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरत. मेथी वाचवायची तर वळण घ्यायला जागा नाही. इथे मला आमचे आजोबा आठवले. ते भोर घाटात सांधेवाले होते. १८६३ साली घाटातून गाडी सुरू झाली तेव्हा डोंगरात वळायला जागा नव्हती. म्हणून खंडाळ्याखाली उलटं स्टेशन केलं होतं. कर्जतकडून आलेली गाडी तिथे थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं, आणि गाडी आल्या तोंडाने न जाता पाठमोरी वर चढायची. नवा मार्ग झाल्यावर, १९२९ च्या सुमारास, ते बंद पडलं. आजोबा त्यानंतर तीस वर्षं आम्हाला त्याच्या गोष्टी सांगत, आणि आम्ही जांभया देत ऐकत असू.

मी कागदावर तिरकी रेघ काढली: कुंपणाच्या कडेने वर, तिथे थांबा, आणि उलटं वर खोपटाकडे. मोजून अकरा मीटर भरले. चढ निघाला सदतिसात एक. भोर घाटाचा सर्वांत तीव्र चढ नेमका तेवढाच होता! जावईबापू प्रथमच माझ्याकडे सासरा म्हणून नव्हे, तर माणूस म्हणून पाहू लागले.

उरलेले दिवस स्लेटचे तुकडे फोडण्यात गेले. स्टेशन चव्वेचाळीस सेंटिमीटर, म्हणजे खऱ्या दहा मीटरचं. छपराला उतार, कारण इंग्लंडचा पाऊस. दारं घट्ट, कारण गोगलगायी बिनतिकिटाच्या आत शिरतात. पाण्याची टाकी रेवाने रंगवली. पण फाटा पुरा व्हायच्या आत आमची सहा महिन्यांची मुदत संपली.

गेल्या आठवड्यात फोटो आला. गाडी उलट्या स्टेशनात उभी आहे, मागे मेथी डुलते आहे. सांध्यापाशी आठ सेंटिमीटरचा एक माणूस हिरवं निशाण घेऊन उभा आहे. त्याला रेवाने मुंडासं रंगवलं आहे. फोटोखाली तिने मराठीत लिहिलं होतं, "खापरपणजोबा डूटीवर."

मी चष्मा पुसला. हिने विचारलं, "मेथी कशी आहे?" मी म्हटलं, "छान आहे."